सांडोरची हिल्डा आणि मांडीचं हाड

सांडोरच्या हिल्डा लोपीसने वसईतल्या एका हाडांच्या दवाखान्यात उभी हयात लोकांचे मोडलेले हातपाय प्लास्टरमध्ये घातले. डॉक्टर हाड बसवायचे, पट्टी हिल्डा गुंडाळायची. माडावरून पडलेले, बाइकवरून घसरलेले, आणि जन्मतःच पाऊल आत वळलेली तान्ही बाळं. बाळांचं काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

निवृत्त झाल्यावर ती घरची केळीची वाडी बघू लागली. एका सकाळी विरारच्या मनवेलपाड्यात राहणारी उन्नती दारात आली. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी ही मुलगी. तिचं मनगट मोडलं होतं तेव्हा प्लास्टर हिल्डानेच घातलं होतं.

"आंटी, एक हाड प्लास्टरमध्ये घालायचंय. चंद्रपूरकडे यावं लागेल."

"एवढ्या लांब? कोणाचं?"

"डायनासोरचं. जमिनीतून उचलताना तुटू नये म्हणून."

हिल्डा खो-खो हसली. पण मुलगी गंभीर होती. आतून चहा घेऊन आलेला व्हिव्हियन, हिल्डाचा मुलगा, म्हणाला, "मम्मी, जाऊन ये. वाडी मी बघतो."

चंद्रपूरकडे पोचल्यावर दिसलं, ते एका शेतकऱ्याचं शेत होतं. जमीन सपाट करताना दगडासारखे गोळे वर आले, त्याला ते विचित्र वाटले, त्याने काम थांबवून कळवलं. हिल्डाला वाटलं होतं, अख्खा सांगाडा उभा असेल. इथे तर लालसर-करड्या मातीत नुसते खड्डे. ती एका खड्ड्याला वळसा घालून पलीकडे गेली आणि जागच्या जागी थिजली.

मांडीचं हाड. कुणी सांगायची गरजच नव्हती. वर खुब्यात बसणारं डोकं, खाली गुडघ्याकडचे दोन उंचवटे. एक्स-रेमध्ये रोज पाहिलेलं. फक्त हे तिच्याएवढं लांब होतं.

"अगं, हे तर आपल्यासारखंच आहे," ती कसंबसं बोलली.

"लांब मानेचा, झाडपाला खाणारा प्राणी," उन्नती म्हणाली. "इथे नदी होती. तो मेला, गाळात गाडला गेला. मग लाव्हा आला, थरावर थर. तो वरचा काळा दगड बघा. आपल्या वसईजवळचा तुंगारेश्वरचा डोंगर त्याच लाव्हाचा."

"म्हणजे हे हाड आपल्या डोंगराच्या आधीचं?"

"हो, आधीचं."

हिल्डा मातीतच बसली. जन्मापासून तिने तो डोंगर पाहिला होता. देवाने जग केलं त्याच दिवशी तो तिथे ठेवला असणार, असंच ती धरून चालली होती.

तरी हात कामाला लागले. हाडावर ओले कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. ते सुकल्यावर खालची माती कोरून काढली आणि उन्नतीच्या विद्यार्थ्यांसकट सगळ्यांनी जोर लावून ते धूड उलटं केलं. बुडाची माती ढासळली.

"थांबा! हात लावू नका!" उन्नती किंचाळली.

मोठ्या हाडाला चिकटून एक लहान हाड होतं. हिल्डाच्या पंजाएवढं. तेही मांडीचंच.

उन्नतीने तोंडावर हात ठेवला होता.

"पोर?" हिल्डाने विचारलं.

"त्याच जातीचं पिल्लू असावं. अंड्यातून बाहेर येऊन फार दिवस झाले नसतील."

"हिचंच?"

"ते नाही सांगता येणार, आंटी. मोठं हाड मादीचं की नराचं, तेही माहीत नाही. आणि या प्राण्यांच्या आया अंडी घालून निघून जात असाव्यात. पुराने दोघांना एका जागी आणलं असेल."

हिल्डाने मान हलवली, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. कुणीतरी गोणपाटाची पट्टी पुढे केली.

"याला गोणपाट नको, काचेल," ती म्हणाली. आपण काय बोललो हे तिला कळलं तेव्हा ती स्वतःच चपापली. पण कुणी हसलं नाही. सवयीने पिशवीत टाकलेल्या दवाखान्यातल्या मऊ पट्ट्या तिने काढल्या आणि ते हाड अगदी सावकाश गुंडाळलं.

घरी आल्यावर व्हिव्हियनने विचारलं, "कसं झालं?" तिला सांगायला सुरुवातच सापडेना. कितीतरी दिवस ती वाडीत काम करता करता थांबायची आणि पूर्वेकडे डोंगराकडे बघत राहायची. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकायचे, ही आपल्याच तंद्रीत उभीच.

पुढे उन्नतीचा फोन आला. प्रयोगशाळेत प्लास्टर उघडलं होतं, हाडं सुखरूप होती. लहान हाड पिल्लाचंच, यात शंका उरली नव्हती. आणि त्या शेतात आणखी बरीच हाडं होती.

"थंडीत पुन्हा जायचंय. याल?"

"लहान असतील आणखी?"

"असू शकतील."



"नाताळ झाला की येते," हिल्डा म्हणाली, आणि फोन ठेवून मऊ पट्ट्या शोधायला लागली.