चांद दिसेपर्यंत जप्त

मोहरमच्या पंजांची पेटी मी तलवारींची पेटी समजून जप्त केली. ती घटना आजही आठवते, कारण जालन्याची माणसं मला ती विसरू देत नाहीत.

पोलीस ॲक्शनला थोडीच वर्षं झाली होती. मी औरंगाबादेहून नवा फौजदार म्हणून जालन्यात आलो होतो आणि हे भेटेल त्याला ऐकवतही होतो. खबर आली, की कादराबादच्या कोटाआतल्या मोहल्ल्यात म्हाताऱ्या मुजावराच्या घरी लांबट पेटी आहे आणि हलवली की आत धातू वाजतो. छापा घातला. पेटी होती, वाजतही होती.

"खोला."

"मोहरम का चांद दिखने के पहले नै खुलती साब. अंदर पंजे हैं."

तिथेच फोडली असती, पण पंचनाम्याला दोन पंच हवेत. मोहल्ल्यातलं कोणी येईना. चिडून पेठेतल्या मारवाडी शेठजींना बोलावलं. त्यांनी पेटी पाहिली आणि उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या. "न्हाई साहेब. माझ्या पोराचा नवस हाय ह्या पंजांना. चांदाआधी बिलकुल खोलू नका." मग केदारखेड्याहून बाजाराला आलेला एक शेतकरी धरला. त्यानंही तेच सांगितलं, वर मलाच विचारलं, "तुम्हाला कोन्ही सांगितलं न्हाई का?"

सगळ्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर मला सगळेच सामील वाटत होते!

पेटी ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ठेवली आणि दुपारभर मुजावराला प्रश्न विचारून माझाच घसा बसला. त्याचं एकच पालुपद. "मेरेकु बंद करो साब, पेटी छोडो. आज चांद है. दादा के जमाने से पंजे बैठना चुका नै. मेरे हाथ से चुकेगा." मी जबाबाखाली शेरा मारला, 'इसम माल सोडवण्यास उतावीळ.'

दिवस मावळता वेशीवर आरोळी उठली, "दिसला!" बघता बघता ठाण्याचं आवार भरलं. पुढे शेठजी आणि तो शेतकरी. "आता खोला साहेब. आमीच पंच."

मुजावराने हात-तोंड-पाय धुऊन वजू केला, कुलूप काढलं. उदाचा वास, लाल कापड आणि हाताच्या आकाराचे पितळी पंजे. पातं एकही नाही.

पंच का मिळत नाहीत, हे संतापण्याआधी ऐकून घ्यावं, एवढं शहाणपण त्या प्रकरणाने दिलं. तेव्हा मात्र मी निमूट पेटीचं एक टोक उचललं आणि मोहल्ल्यापर्यंत पोचवलं. दारात मुजावराची बायको उभी होती.

"चाची, गलती हो गई," मी म्हणालो. "औरंगाबाद से नया आया हूं."

तिने आधी पेटी आत घेतली.

"अकल होती तो वहींच नै रख लेते थे तुमको?"