गिरणीवाल्याची तोतरी

त्या प्रकाशनसंस्थेत बाई तीस वर्षं प्रूफं तपासत होत्या. हे काम त्यांनी निवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. लहानपणापासून त्या बोलताना अडखळत. प, ब, व ही अक्षरं वैरी, त्यातही व सगळ्यात मोठा. कागदावर मात्र त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटायची नाही. यमाच्या हातून माणूस सुटेल, पण बाईंच्या हातून ऱ्हस्व-दीर्घ सुटायचा नाही, असं छापखान्यातले लोक म्हणत.

एके दिवशी संपादिकेनं त्यांच्या टेबलावर एक जुनं पुस्तक आणून ठेवलं. संपादिका वयानं बाईंच्या भाचीएवढी, हुशार आणि मनानं चांगली. तिनं सांगितलं की आठ वर्षं हे पुस्तक छापलेलं नाही, शाळा घेत नाहीत, कारण आतली भाषा आता मुलांपुढे ठेवण्यासारखी नाही. लेखक वारले, मुलगा आहे. आपण शब्द बदलून नवी आवृत्ती काढतोय. खटकेल तिथं पेन्सिलीनं खूण करा.

बाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि लगेच ओळखलं.

तिसरीत असताना वर्गात हे पुस्तक वाचून दाखवलं होतं. गावातल्या पोरांची गोष्ट. त्यात गिरणीवाल्याची एक मुलगी होती, तिला सगळे तोतरी म्हणायचे. तिनं तोंड उघडलं की पोरं तिची नक्कल करायची आणि गोष्ट सांगणाराही त्यांच्याबरोबर हसायचा. शिक्षिका ते पान वाचत होत्या तेव्हा अख्खा वर्ग मागे वळून बाईंकडे बघायला लागला. त्या दुपारपासून त्या तोतरी झाल्या. धाकट्या भावानं ते नाव घरी आणलं. आईनं त्याचा कान पिळला, पण नाव काही गेलं नाही. शाळा सुटेपर्यंत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं.

तरीही ते पुस्तक त्यांनी ग्रंथालयातून कितीदा आणलं असेल याला गणती नाही. ते एका वाक्यासाठी. बाराव्या पानावर पोरं निघून गेल्यावर ती मुलगी गोठ्यात जाऊन बसते. तिथं लेखकानं लिहिलं होतं: ‘वासराशी बोलताना ती कधीच अडखळत नसे.’ बाईंच्या घरी मांजर होती आणि तिच्याशी त्याही न अडखळता बोलायच्या. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मग या माणसाला कसं कळलं? एवढं कळत होतं तर तो हसला का? या कोड्यापाशी त्या वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीही होत्या तिथंच होत्या.

काम सुरू झालं. ‘तोतरी’ हा शब्द तेवीस वेळा आला होता. बाईंनी प्रत्येकाखाली रेघ ओढली आणि ओढताना त्यांना बरं वाटलं, हेही खरं. संपादिकेनं तिथं ‘गिरणीवाल्याची मुलगी’ असं घातलं. मग पोरं तिला का हसतात ते कळेना, म्हणून हसणं काढलं. नकला काढल्या. मग ती मुलगी पानावर नुसतीच उभी राहिली, धड काही बोलणं नाही की करणं नाही. आणि बाराव्या पानावरचं वाक्य लोंबकळायला लागलं. जी कुठंच अडखळत नाही, ती वासरापाशी अडखळत नाही याचं कोणाला काय कौतुक? ही मुलगीच काढली तर कथेचं काही अडत नाही, असं संपादिका म्हणाली. मग बाईंकडे न बघता म्हणाली की आपल्या वर्गातही अशी एक मुलगी होती आणि हसणाऱ्यांत आपणही होतो.

निर्णयासाठी मालकांच्या खोलीत बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी बाईंनी आरशासमोर उभं राहून तयारी केली. प, ब, वनं सुरू होणारा शब्द टाळून दुसरा घ्यायचा, ही त्यांची जन्माची युक्ती. ‘ती ओळ ठेवा. नाव दुसरं ठेवा, मुलगी मात्र अडखळू दे.’ दहादा म्हटलं, दहाही वेळा नीट आलं.

बैठकीला लेखकाचा मुलगा आला होता, निवृत्त इंजिनिअर. आधी पत्रातून त्यानं बजावलं होतं की वडिलांचा काना-मात्रा हलू देणार नाही. आता तो थकलेला दिसत होता. काय करायचं ते करा, पण माझ्या डोळ्यांदेखत पुस्तक निघू दे, एवढंच तो म्हणाला. मग मालक अचानक बाईंकडे वळले.

“बाई, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? काय करायचं तुम्ही सांगा.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं आणि जिभेवर नेमकं वासरू आलं.

“व…” त्या म्हणाल्या. “व… व…”

ओठ जागीच अडकले. लेखकाच्या मुलानं नजर खाली घातली. संपादिकेला ते बघवेना.

“वगळावं,” ती हळूच म्हणाली. “असंच ना, बाई?”

आयुष्यभर लोक त्यांची वाक्यं पुरी करत आले होते, आणि चूक असो की बरोबर, मान हलवून त्या सुटका करून घ्यायच्या. त्यांची मान हलली. मालकांनी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी म्हणायचं राहिलेलं सगळं एका कागदावर लिहून संपादिकेला दिलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं. तिचा चेहरा उतरला.

“मग काल मान का हलवलीत?”

याचं उत्तर बाई लिहूनही देऊ शकल्या नसत्या. संपादिका कागद घेऊन मालकांकडे गेली, भांडलीसुद्धा. पण लेखकाच्या मुलानं कालच सही केली होती, चित्रांतून मुलगी काढायला चित्रकाराला सांगूनही झालं होतं. आणि मालकांचं म्हणणं चुकीचं कसं म्हणणार? विचारलं तेव्हा बाईच हो म्हणाल्या होत्या.

शेवटची प्रूफं बाईंनीच तपासली. गोठा राहिला होता, वासरूही होतं, फक्त त्याच्याजवळ कोणी नव्हतं. छपाईची एकही चूक सापडली नाही. त्यांनी सही केली.

भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “बरं झालं ताई, एकदाची पीडा गेली.” सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं तो हे मनात घेऊन होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. त्याचं ओझं उतरत होतं, तर त्याला काय सांगायचं? बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

पुस्तक निघालं, शाळांनी घेतलं, कोणी नावं ठेवली नाहीत. संपादिका मात्र बदलली. आता बैठकीत बाईंनी तोंड उघडलं की ती हातानं सगळ्यांना थांबवते. खोली चिडीचूप होते. मालकसुद्धा पेन खाली ठेवून वाट बघतात. एवढ्या शांततेत तर बाईंना साधं हो म्हणणंही जमत नाही. ती चांगल्या मनानं करते, म्हणून तिला थांबही म्हणता येत नाही. हल्ली बाई बैठकीला जायचं टाळतात. काम फार आहे, अशी चिठ्ठी पाठवतात.