महाराजांच्या हाराचं माप

आमच्या चौकात घोड्यावरच्या महाराजांपाशी चार माणसं उभी राहिली की किस्सा तयार होतो. पूनम सागर सोसायटीतले आम्ही पाच-सहा जण दर जयंतीला पुतळ्याला हार घालतो, त्यामुळे आमच्याकडे साठा जरा जास्तच. यंदा मात्र हार घालायचा की नाही, हाच प्रश्न होता. सगळं बघायची ती माझी बायको, मंगल. ती पावसाळ्यात गेली.

*

पत्ता सांगायची तिची पद्धत ठरलेली. "महाराजांच्या उजव्या हाताला वळा." पुण्याचे पाहुणे पुतळ्याकडे तोंड करून स्वतःच्या उजवीकडे वळले आणि भलत्याच बिल्डिंगमध्ये बेल वाजवत बसले.

मंगल फोनवर शांतपणे म्हणाली, "उजवा महाराजांचा सांगितला होता. तुमचा नाही."

*

शिडीवर चढायचा मान शेजारच्या खारी गावातल्या भोईरमामांचा. पुतळ्याजवळ चपला चालत नाहीत, हे एका वर्षी मामांना शिडीच्या मधोमध आठवलं. तिथूनच काढलेली चप्पल थेट फुलांच्या टोपलीत पडली.

शिडी धरलेले कांबळे म्हणाले, "मामा, खालीच काढायची ना."

"खाली ध्यानात आला न्हाय."

*

पहिल्या वर्षी फुलवाल्याला आम्ही नुसतं "मोठा हार" एवढंच सांगितलं होतं. वरून मामा ओरडले, "वैनी, हार घोड्यालाच पुरतोय!"

"घाला त्यालाच," मंगल म्हणाली. "पळायचं काम तोच करतो."

पुढच्या वर्षापासून माप तीच देऊन यायची. हार बरोबर बसायचा. कसा, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

*

यंदा कांबळे हळूच म्हणाले, "भाऊ, या वर्षी राहू द्या. महाराजांच्या फोटोला घालू." मलाही ते बरं वाटलं. नको म्हणून सांगायला फुलवाल्याकडे गेलो, तर माझे रिकामे हात बघून तोच म्हणाला, "साब, साडी नहीं लाए? भाभी साडी पे नाप देती थी. कोई भी चलेगी."

घरी आलो. पावसाळ्यापासून बंद असलेलं कपाट उघडलं. हिरवी साडी घेऊन परत गेलो.

"सकाळी सातला हवा," मी सांगितलं.

त्याने साडी बाकड्यावर पसरली, हातभर-हातभर मोजत गेला आणि पदरापाशी थांबला.

"अभी बाकी है," मी म्हणालो.

"वो छोड़ के, साब. भाभी हर साल बोलती थी, बाकी महाराज का, पल्लू मेरा."