तोंडातलं सोनं

आमच्या गावातून एम.एस्सी.ला गेलेला मी पहिला, आणि हे कुणाला कळल्यावाचून राहणार नाही याची काळजी मीच घेत असे. महाप्याकडची आमची शेतं कारखान्यांत गेली होती. मी सकाळी आईच्या हातची भाकरी खाऊन निघायचो, दिवसभर न्यूट्रॉन शिकायचो. आई ओट्यावर बसून मिश्री लावायची. जन्मभर लावली.

त्या मिश्रीनंच तिच्या जिभेच्या कडेला गाठ आणली. खाडीपलीकडच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. अणुभट्टीतून काढलेले सोन्याचे बारीक कण जिभेत टोचायचे, त्यांतून निघणारी किरणं गाठ जाळतील.

घरी पोचताच आई म्हणाली, "मी जिती हाय अजून. तोंडान सोना आताच घालाचा नाय."

आमच्याकडे माणूस जायला लागलं की तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवतात. मला हसूच आलं. तिची भीती घालवायला मी सोन्याचं मूळ सांगायला बसलो. शिकलेल्याची हौस, दुसरं काय!

"आये, सोनं पृथ्वीवर तयारच झालं नाही. एखादा प्रचंड तारा मरतो, फुटतो, तेव्हा अणूंमध्ये न्यूट्रॉन कोंबले जातात. तो फुगलेला अणू टिकत नाही, बदलत बदलत सोनं होतो. भट्टीत त्या सोन्यात आणखी एक न्यूट्रॉन घालतात. मग तेही टिकत नाही. काही दिवसांत त्याचा पारा होतो, आणि होताना किरणं सुटतात. तेच तुझं औषध."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे मरनातनच आला ना तो?"

बाबा म्हणाले, "तिला नको तर नको."

पुढचे चार महिने अंगारा आणि झाडपाला चालला. मी सुरुवातीला भांडलो, आरडाओरडा केला. मग परीक्षा आली आणि मी गप्प बसलो. परीक्षा हे निमित्त होतं. खरं तर मी कंटाळलो होतो. त्याची लाज आजही वाटते.

गिळणं बंद झालं तेव्हा तिनं आपणहून कानातल्या फुलाला बोट लावलं, मग जिभेला. घाला ते सोनं. मी तिला पुन्हा इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मानेवरच्या गाठी चाचपल्या आणि म्हणाले, आता सोन्याचा उपयोग नाही. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

एका दुपारी घरघर लागली. बाबांनी तिच्या कानातलं फूल पकडीनं तोडलं आणि त्यातला कण माझ्या तळहातावर ठेवला. मोठा मुलगा मीच. मी तो जिभेच्या कडेला, बरोबर गाठीवर ठेवला आणि मूर्खासारखा बघत राहिलो. साधं सोनं होतं ते, पूर्ण स्थिर. त्यातून काहीही निघणार नव्हतं.