बिनदेठाचं फूल

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, तेव्हा कुणी भुताची गोष्ट काढली की मी विचारायचे, "वजन किती होतं हो त्याचं?" आणि स्वतःच खो-खो हसायचे. भारी आगाऊ बाई होते!

मागच्या वर्षी आयर्लंडला गेले, ते सईला, माझ्या लेकीला, परत आणायला. जावई आधीच पुण्यात रुजू झाले होते. एनिस गावातलं घर आवरून झालं, पण सईचा पाय निघेना. तिची मुलगी तिथे पुरलेली... जेमतेम आठवडाभर जगली. माझा व्हिसा येईपर्यंत गेलीसुद्धा.

"आई, तिला एकटीला टाकून कशी येऊ गं?"

जुलैअखेरच्या रविवारी शेजारची नोरा आम्हाला जवळच्या डोंगरावर घेऊन गेली. गेलेल्या माणसांसाठी तिथले लोक माथ्यावर मातीत फुलं खोचतात. आम्ही आपलं पूजेला तोडतो तसं, देठ मोडून, बागेतलं गुलाबाचं पांढरं फूल नेलेलं.

"ओह लव्ह, देठच नाही? उडून जाईल की!" नोरा हळहळली.

"आमच्याकडे देठ लागत नाही," मी ठसक्यात म्हटलं.

वारा असा, की माझा स्कार्फ गेला, नोराची टोपी गेली. सईनं फूल नुसतं मातीवर ठेवलं...

ते हललंच नाही. पाकळीसुद्धा नाही.

सई पांढरीफटक. "बघ आई. ती मला सोडत नाहीये."

"काहीतरीच! चिखलात रुतलंय." मी उचलायला वाकले — तर खालून ओढ लागली. तान्ह्या बाळाच्या मुठीत पदर सापडला की लागते ना, तश्शी. हलकी... पण न सुटणारी.

फिजिक्स कुठच्या कुठे पळालं. मी हळूच म्हटलं, "सोड गं सोने. आईला जाऊ दे."

सुटलं. वाऱ्यानं उचललं आणि कड्यापलीकडे गेलं. सई मटकन खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. नोरानं तिला पोटाशी धरलं. मी माती चाचपली. कोरडी ठणठणीत. काटा नाही, मूळ नाही, काही नाही.

सई आता पुण्यात असते. अधूनमधून हसते. मला अजून काही उलगडा झालेला नाही. एवढंच मनात येतं — नातीशी आयुष्यात एकदाच बोलले, तेही 'सोड' म्हणायला...

आणि गुणाची पोर, लगेच ऐकलं तिनं.