पूर्ण आकाराचा सेन्सर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस आहे, आणि सख्ख्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं तेही माझ्यामुळेच. पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. दुसरी बाकीचे सांगतात. म्हटलं, दुसरीही आपणच सांगून टाकावी. निदान शुद्धलेखन तरी नीट राहील!

आमचं घर अकोटजवळ. वांगी, गवार, झेंडू हा आमचा पिढीजात विषय. मी मात्र बी.एस्सी. झालो आणि अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. (गावात मी 'प्रोफेसर' आहे. हा गैरसमज मी पसरवलेला नाही. फक्त दूर केलेला नाही.) त्या वर्षी लहान बहीण वैशूचं चांदूर बाजारला जमलं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली आणि बाबांनी अकोटचा एक फोटोवाला ठरवला. मी लगेच फोन केला.

"बाबा, त्या फोटोवाल्याले नाही म्हणा. मी कॅमेरा घेऊन राहिलो. प्रोफेशनल!"

"तुले काढता येते का बे फोटो?"

"बाबा, मी फिजिक्सवाला आहे. प्रकाश हा माझा विषय आहे."

बाबा गप्प झाले. शिक्षणाचं नाव काढलं की ते गप्प होतात, आणि याचा मी आजवर भरपूर गैरफायदा घेतला आहे. वैशूनं मात्र त्यांच्या हातातून फोन हिसकला.

"दादा, एकच सांग. फोटो येतीन ना? माह्यं साक्षगंध एकदाच होणार हाये. फोटो नाही आले तं पुन्हा सगळ्यायले बोलावून अंगठी घालाची काय?"

"वैशू, मासिकात छापावेत असे येतील!"

खिशात वीस हजार. एवढ्यात नव्या कॅमेऱ्याचा पट्टा आला असता. पण मला एक शोध लागला होता: पंधरा वर्षांपूर्वी ज्या कॅमेऱ्यांसाठी मोठमोठे फोटोग्राफर कर्ज काढत, तेच आज जुन्या बाजारात एका बऱ्या मोबाइलच्या भावात मिळतात. उमेदवार दोन निघाले. पहिला वर्तमानपत्रवाल्यांचा: सेकंदाला आठ फोटो, पावसाला न भिणारा, पण मेगापिक्सेल आमच्या शिपायाच्या मोबाइलपेक्षा कमी. दुसरा स्टुडिओवाल्यांचा: आत पूर्ण आकाराचा सेन्सर, पण स्वभावानं संथ, आणि मागचा पडदा आगपेटीएवढा.

मुलगा वैशूला पाहायला आला, पोहे खाल्ले आणि पाऊण तासात होकार दिला. मी दोन कॅमेऱ्यांत निवड करायला सात आठवडे घेतले! आलेखाच्या कागदावर तक्ते मांडले. शटर किती वेळा उघडलं, बॅटरी किती म्हातारी, कोणता त्वचेचा रंग जास्त खरा दाखवतो. (त्वचा आमच्याकडे सगळ्यांची एकाच रंगाची आहे, उन्हानं रापलेली, पण संशोधन ते संशोधन.) रोज कॉलेज सुटलं की रफिकभाईच्या दुकानात जाऊन दोन्ही कॅमेरे हाताळायचे आणि परत ठेवायचे. रफिकभाई जुन्या कॅमेऱ्यांचे अमरावतीतले जाणकार. पाचव्या आठवड्यात तेही थकले.

"सर, बहन की शादी इसी साल हाये ना?"

"रफिकभाई, निर्णय विचार करून घ्यावा लागतो."

"मग माझं ऐका. हा छोटा कॅमेरा न्या. साधा हाये, पन सगळं आपोआप करते. घर का फंक्शन है, कोई अखबार थोडी निकालना है!"

पदवीधर माणूस सल्ला घेत नसतो, तुलना करतो. मी पूर्ण आकाराचा सेन्सर घेतला. कारण? तो पूर्ण आकाराचा होता! निघताना रफिकभाईनं माझा हात धरला.

"सर, एक बात. अंदर का जो सेन्सर है, उसको हाथ नहीं लगाना. फूंक भी नहीं मारना. कुछ हुआ तो सीधा मेरे पास लाना."

"रफिकभाई, मी प्रयोगशाळेत काम करतो," मी म्हणालो, आणि छाती काढून बाहेर पडलो.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. बाबांनी कॅमेरा हातात घेऊन वरखाली केला. "वजनाले बरा हाये," ते म्हणाले. बाबांच्या जगात वजनदार म्हणजे चांगला माल, त्यामुळे मी ती पावतीच समजलो. आई मात्र देवघरातून हळदीकुंकवाचा करंडा, अक्षता आणि नारळ घेऊनच आली.

आमच्या घरी नवीन वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. फवारणीचा पंप, फ्रीज, वैशूची स्कूटी, सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागलेलं आहे. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावरही उजव्या कोपऱ्यात स्वस्तिक आहे. (मुलाखतीला गेलो की साहेब लोक तो विद्यापीठाचा शिक्का समजतात.) आईनं कुंकू पाण्यात कालवलं. एवढ्यात मला शिकवण्याची हुक्की आली. लेन्स काढली, बटण दाबून आतला आरसा वर केला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"पाहा! हा जो आत चमकून राहिला ना, हाच तो पूर्ण आकाराचा सेन्सर. बाकी सगळं टरफल आहे. मुख्य हाच!"

"मुख्य हाच का?" आईनं विचारलं.

"हाच. याच्याशिवाय काही दिसत नाही."

"मंग ठीक," आई म्हणाली, आणि तिनं ओलं बोट थेट आत घालून मुख्याला कुंकू लावलं!

"आई! काय केलं हे!"

"काहून ओरडतं? तूच तं म्हन्लं मुख्य हाच म्हणून. मुख्याले सोडून टरफलाले लावू का?"

मी आईचं बोट बाहेर ओढलं. अमरावती गाठायला वेळ नव्हता. मी घाम पुसला आणि कापसाच्या बोळ्यानं सेन्सर पुसला. उत्तम लांब धाग्याचा, आमच्याच भागातला कापूस! बोळा लाल झाला, सेन्सर गुलाबी झाला. मग आणखी पुसला. मधोमध, जराशी खाली, तिळाएवढी लाली तेवढी हटेना. अंगणातल्या लिंबाचा फोटो काढून आगपेटीएवढ्या पडद्यावर पाहिला. लिंब दिसला. लाली दिसली नाही. मी निष्कर्ष काढला: गेली.

साक्षगंधाला मी जे केलं त्याला गावात अजून 'प्रोफेसरची कवायत' म्हणतात. "हनुवटी खाली! काका, श्वास रोखा! मावशी, पदर उजेडाकडं!" मधल्या ठिपक्यावर डोळे धरायचे, हे मी पाठ केलं होतं, त्यामुळे प्रत्येकाचे डोळे मी अगदी मधोमध धरले. नवरदेवाची आजी सत्त्याऐंशी वर्षांची, ताठ बसलेली, फिकट लुगड्यातली. त्यांचे तर मी नऊ फोटो काढले. "काय गं वैशू," त्या म्हणाल्या, "तुहा भाऊ फोटो काढून राहिला का एक्सरे?"

त्या जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड शंकरपाळ्याएवढं, ते वाचायचं यंत्र अख्ख्या अकोटात मिळेना. म्हणून सोमवारी रफिकभाईच्या दुकानात पडद्यावर फोटो उघडले. नवरदेवाच्या कपाळावर लाल गोल. काकांच्या कपाळावर लाल गोल. दोन वर्षांच्या पोराच्या कपाळावर लाल गोल. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, आणि डोळे मी मधोमध धरलेले, त्यामुळे खालची लाली बरोब्बर कपाळावर आली होती!

रफिकभाईनं चार-पाच फोटो पुढंमागं करून पाहिले. "सर, हाथ तो नहीं लगाया ना?"

"मी नाही लावला," मी म्हणालो. शास्त्रीयदृष्ट्या ते खरं होतं. "आता हे निघेल का?"

"तीनसौ फोटो एक-एक करके? महिना लगेगा."

वैशू तिकडं दर तासाला 'दादा, पाठवले का?' म्हणून विचारत होती. मी विचार केला: मंगलकार्यात कपाळी कुंकू असणं वाईट थोडंच? उलट शोभाच! सगळे तीनशे फोटो मी दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'खास पारंपरिक टच.'

बुधवारी वैशूच्या होणाऱ्या सासऱ्यांचा बाबांना फोन आला. "इवाईबुवा, तुमच्या पोराले घेऊन या. आमच्या घरी मोठं वाकडं झालं." पाठोपाठ वैशूचा मला: "दादा, हे मोडलं ना, तं त्या डब्ब्यासंगच माह्यं लग्न लाव. तो तं कुंकू लावूनच बसला हाये!" ती हसून बोलली नव्हती. शेवटी तिनं रडतच फोन ठेवला, आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा मला कोणताही तक्ता आठवेना.

आई-बाबा अकोटहून, मी अमरावतीहून, तिघंही चांदूर बाजारला पोचलो. बैठकीत नवरदेवाचे काका उभे होते. काका म्हणजे तालुक्यातले नामांकित समाजसुधारक वक्ते. कोणतीही जयंती असो, भाषण त्यांचंच. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. पडद्यावर आजी, आणि त्यांच्या कपाळावर पौर्णिमेच्या चंद्राएवढं ठसठशीत कुंकू.

"बत्तीस वर्षं झाले आमचे बाबा जाऊन! तुमी आमच्या आईले कुंकू लावलं? चार गावच्या ग्रुपवर?"

"मी नाही लावलं," मी गडबडून म्हणालो, "आमच्या आईनं लावलं."

"काय? तुमच्या आईनं?"

"मी तं मशीनले लावलं बाप्पा!" आई रडकुंडीला आली. "आजीबाईले काहून लावीन?"

बाबांनी पागोट्यासारखे हात डोक्यावर घेतले. मी सेन्सर, अपवर्तन, प्रकाशाचा मार्ग समजावू लागलो आणि जितकं समजावलं तितकं प्रकरण बिघडत गेलं. सासरे म्हणाले, हा अपशकुन आहे, लग्नाची तारीख पुढं ढकलू. तारीख पुढं ढकलणं म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तेवढ्यात बाबांनी, फक्त दोन शब्द बोलणाऱ्या माझ्या बाबांनी, विचारलं, "आजीले फोटो दाखवला का?"

"त्यायले कसा दाखवाचा? त्यायले काय वाटन!"

म्हणजे तीन दिवस घर पेटलं होतं आणि जिच्यासाठी पेटलं होतं तिला पत्ताच नव्हता! पण आमचा आवाज आतपर्यंत गेला असावा. आजी काठी टेकत बाहेर आल्या. "मले दाखव." काकांच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा चढवला. सासरे त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. वैशूचं अख्खं लग्न त्या चष्म्याच्या काचेवर उभं होतं.

"मोठा कर," आजी म्हणाल्या. सासऱ्यांनी मोठा केला. "अजून." अजून केला. "हे मी होय?"

"आई, चुकून झालं, आपन डिलीट..."

"काहून डिलीट? चांगली तं दिसून राहिली मी! फ्रेम कर याची."

"आई!" काका ओरडले. "लोक काय म्हणतीन?"

"तूच तं दरसाली स्टेजवर म्हणत असतं, विधवा बाईचं कुंकू काहून पुसता म्हणून. मी पुढच्या खुर्चीत बसून आयकतो ना!"

"आई, ते भाषण होय!"

"मंग हा फोटो होय," आजी म्हणाल्या. "फ्रेम कर, अन् पोरीच्या घरच्यायले चहा दे."

तारीख ढकलली गेली नाही. लग्नात फोटोवाला दोन्ही घरांनी मिळून ठरवला, आणि वैशूनं मला लेखी नव्हे पण डोळ्यांनी सक्त ताकीद दिली. तरी रफिकभाईनं फुकटात सेन्सर साफ करतो म्हटल्यावर मी नको म्हणालो, कारण आजींच्या हॉलमधली ती फ्रेम पाहून गल्लीतल्या त्यांच्या विधवा मैत्रिणींची तशाच फोटोची मागणी सुरू झाली होती. परवा एकींचा फोन आला. मी उत्साहानं उजेड कुठला हवा, बसायचं कसं, ते सांगायला लागलो.

"ते राहू दे, बाबू," त्या म्हणाल्या. "जिनं त्या मशीनले कुंकू लावलं, ते बाई येते का? ते येत असन तं ये. नाही तं एकटा येऊन तू काय करशीन?"

तेव्हापासून आई करंडा घेऊन पुढं चालते, आणि मशीन उचलायला कोणीतरी लागतं म्हणून मला सोबत नेते.