चप्पल उचलेपर्यंत

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणी माझ्या मोबाइलमधला त्याचा फोटो बघून नाव विचारायच्या आणि मी अडखळायचे. त्यांच्या घरच्या कुत्र्यांना छान छान नावं होती. आमच्याकडे आई त्याला ‘यू यू’ करून बोलवायची, बाबा नुसतं ‘अरे’ म्हणायचे आणि शेजारची काकी ‘तुमचा वॉचमन’ म्हणायची. तो तिन्ही हाकांना यायचा. त्यामुळे नाव ठेवायचं राहूनच गेलं.

आमचं गाव रेवसच्या जवळ, खाडीच्या तोंडाशी. बाबांची एक छोटी होडी आहे. मी शाळेत असताना एका सकाळी ते होडीवर गेले तर जाळ्याच्या ढिगात हा झोपलेला होता. तांबूस पिल्लू, एका कानाचं टोक पांढरं. बाबांनी त्याला उचलून किनाऱ्यावर ठेवलं, तर तो त्यांच्या पायांत घुटमळत घरापर्यंत आला. आई दारातच म्हणाली, मासळी सुकवायच्या घरात कुत्रा कोण आणतं? बाबा म्हणाले, मी आणला नाही, तो आला. तेवढ्यावर तो राहिला.

आई जवळा सुकवते. आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण हॉस्टेलवर मला समजावून सांगावं लागायचं, की जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. घरामागे आमचं सारवलेलं खळं आहे. त्यावर आई जुनं जाळं अंथरते आणि ओला जवळा हाताने पातळ पसरते. दिवसभर ऊन लागलं की तो गुलाबी होतो, कुरकुरीत होतो. पण दिवसभर कुणीतरी राखण बसावं लागतं. मांजरांचं एक वेळ ठीक आहे, कावळ्यांचं कठीण. नारळावर रांगेने बसतात आणि आपण पाठ फिरवायची वाट बघतात.

कुत्र्याला आईने या कामाला कसं लावलं, ते मी नीट सांगू शकत नाही, कारण तिने काही शिकवलेलं मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की तिची एक रबरी चप्पल होती. अंगठा तुटलेला, तो तिने जाळ्याच्या दोऱ्याने शिवला होता. बाजारात जाताना ती चांगल्या चपला घालायची आणि ही एक चप्पल खळ्याच्या कोपऱ्यावर, नारळाच्या बुंध्याशी ठेवून म्हणायची, “बस.” तो चपलेशेजारी बसायचा. आई परत येईपर्यंत तिथून हलायचा नाही. कावळा खाली उतरला की तीन ढांगांत त्याच्यावर जायचा आणि परत येऊन चपलेला नाक लावून बसायचा. जवळ्याला त्याने कधी तोंड लावलं नाही. आई आली की ती चप्पल उचलायची आणि म्हणायची, “झालं. ऊठ.” मग तो उठायचा, अंग झाडायचा, आणि तिने पुढे केलेला मूठभर जवळा खायचा. तो मात्र हावरटासारखा.

पुढे पुढे कावळे इतके शहाणे झाले, की नुसती चप्पल दिसली तरी खाली उतरेनात. कधी कधी कुत्रा सावलीला सरकून झोपलेला असायचा, तरी खळ्यावर शांतता. काकी म्हणायची, “वॉचमन झोपला तरी पगार चालू हाय.”

मी कॉलेजला गेले त्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकांना कसं जपायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही. मुंबईहून लाँचने येताना धक्क्यावर एक लाट आली आणि माझी बॅग भिजली. लायब्ररीची पुस्तकं ओलीचिंब. मी रडकुंडीला आले. आईला भिजलेली वस्तू सुकवायची एकच रीत माहीत. तिने खळ्यावर जाळं अंथरलं, त्यावर पुस्तकं उघडी करून मांडली, उडू नयेत म्हणून पानांवर शिंपले ठेवले, कोपऱ्यावर चप्पल ठेवली, आणि बाजारात निघून गेली.

दुपारी मी पुस्तकं घ्यायला गेले तर कुत्रा माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! शेपूट हलत होती, कान मागे पाडलेले होते, डोळ्यांत अगदी ओशाळलेपण होतं, पण मी पुस्तकाकडे हात नेला की दात दिसायचे. मी चप्पल उचलून पाहिली, आईच्या आवाजात ‘झालं’ म्हणून पाहिलं. त्याने माझ्या हातातली चप्पल हळूच तोंडात धरली आणि परत जागेवर नेऊन ठेवली. संध्याकाळी आई येईपर्यंत माझी परीक्षेची पुस्तकं त्याच्या ताब्यात होती. नंतर लायब्ररीतल्या मॅडमनी एक पुस्तक उघडलं, नाकाजवळ नेलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, घरी काय करतात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. आणि पुस्तक जमा करून घेतलं.

तो गेला तेव्हा मी हॉस्टेलवर होते. म्हातारा झाला होता, काही दिवस खात नव्हता. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. आईचा फोन आला. तिने ‘गेला’ म्हटलं नाही. ती म्हणाली, “आज उठलाच न्हाय गं.” मी गॅलरीत उभी होते. खाली रस्त्यावर नेहमीसारखी वाहनं चालली होती. मग ती म्हणाली, जेवलीस का.

बाबांनी त्याला नारळाच्या बुंध्याशी, त्याच्याच जागी पुरलं. आईने जवळ्यासाठी आणून ठेवलेलं सगळं मीठ खड्ड्यात ओतलं. हे मला बाबांनी सांगितलं, आईने नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पाऊस संपून कडक ऊन पडायला लागलं होतं, बाबांच्या होडीला जवळा चांगला लागत होता, पण आई खळं सारवत नव्हती. ओला जवळाच बाजारात मिळेल त्या भावाने देऊन टाकत होती. आमच्या घराचा पावसाळा त्या सुक्या जवळ्यावर निघतो. उन्हाचे दिवस असे हातचे जाऊ दिले तर पुढे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. बाबा फोनवर म्हणाले, “ती रोज त्याला पान वाढते.”

मला आधी समजलं नाही. मग कळलं. माणूस गेलं की आमच्यात दहाव्याला भात ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी राहिलं आहे, असं धरतात. मग एकेक जण पुढे होऊन बोलतो, पोरांना सांभाळू, घर नीट ठेवू, आणि त्याच्या मनातलं कुणी बोललं की कावळा येतो. कुत्र्याचं असं कुणी करत नाही. पण आई रोज सकाळी केळीच्या पानावर भात आणि चिमूटभर जवळा ठेवत होती, आणि एकही कावळा खाली उतरत नव्हता. रोज दुपारी ते पान जसंच्या तसं ती खाडीत सोडत होती. तिने मनाशी ठरवलं होतं, की त्याचं काहीतरी राहिलं आहे, आणि ते सुटत नाही तोवर त्या खळ्यावर जवळा पसरायचा नाही.

“तू ये,” ती मला म्हणाली. “त्याचा तुझ्यावर जीव होता. तुझ्यासाठी अडला असंल.”

मी शास्त्र शाखेत शिकते. कावळ्याबद्दल मला काय वाटतं ते फोनवर सांगता आलं असतं, पण तिचा आवाज ऐकून मी ते बोलले नाही. शनिवारी लेक्चर संपलं की भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली.

रविवारी सकाळी आई पान घेऊन खळ्याकडे निघाली. मागे मी आणि बाबा. कुंपणापलीकडे काकी भांडी घासत होती. ती म्हणाली, वॉचमनचा दहावा अजून चालूच हाय का, आम्हाला जेवायला तरी बोलवा. आई चालत राहिली. काकी थोड्या वेळाने भांडी तशीच ठेवून कुंपणाजवळ येऊन उभी राहिली.

आईने पान ठेवलं आणि आम्ही लांब, पडवीत येऊन थांबलो. नारळावर कावळे बसलेले होते. आईने मला डोळ्यांनी खुणावलं. मी दोन पावलं पुढे गेले. हात जोडावेत की नाही ते कळेना. शेवटी जोडले. मी नीट शिकेन, आईकडे लक्ष देईन, असं काहीतरी पुटपुटले. परीक्षेच्या तोंडी प्रश्नाला देतात तसं ते उत्तर होतं, माझं मलाच जाणवलं. एक कावळा खालच्या झावळीवर उतरला, मान वाकडी करून बघितलं, आणि परत वर गेला.

बाबांना आईने काही सांगितलं नव्हतं, पण ते आपणहून पुढे झाले. खाकरले. काकी बघते आहे हे बघून अजून एकदा खाकरले. मग खाली बघत म्हणाले, “अरे, तुला होडीत बसायचं असायचं. मी उतरवायचो. जाळी फाटतील म्हणून उतरवायचो, दुसरं काय न्हाय.”

तरीही कावळा आला नाही. काकी कुंपणावरून हळूच म्हणाली, “जनमभर कावळे हाकलले त्याने. आता कुठला कावळा हिंमत करंल?” या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

मघाशी खालच्या झावळीवर आलेला कावळा पुन्हा उतरला. या वेळी थेट जमिनीवर. दोन उड्या मारून पानाजवळ आला आणि थबकला. तो पानाकडे बघत नव्हता. त्याच्या नजरेच्या रेषेत मी बघितलं. नारळाच्या बुंध्याशी, उकरून सारख्या केलेल्या मातीवर, पानाच्या पलीकडे ती रबरी चप्पल होती. इतकी वर्षं ती तिथेच असायची, म्हणून मला ती दिसूनही दिसली नव्हती. कावळा उडाला.

“आई, चप्पल कुणी ठेवली तिथे?”

“मी,” आई म्हणाली. “त्याला पुरला तवाच ठेवली. तिच्याशिवाय त्याला झोप लागायची न्हाय.”

मी पुढचं बोलणार होते, कावळे चपलेला भितात एवढंच, पण तिचा चेहरा बघून मी थांबले. ती त्या चपलेकडे बघत होती.

“त्याला उठायला सांगितलंच न्हाय मी,” ती म्हणाली. “तो बसून राहिलाय.”

ती पडवीतून उतरली. खळं ओलांडून नारळापाशी गेली, वाकली, चप्पल उचलली आणि तिच्यावरची माती पदराने पुसली. रोज बाजारातून आल्यावर बोलायची त्याच आवाजात, ना मोठ्याने ना हळू, ती म्हणाली, “झालं. ऊठ आता.”

मग ती वळली आणि मागे न बघता परत आली. पडवीत येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, चप्पल पोटाशी धरून. आम्ही कुणी हललो नाही. कावळा आला. थोडा वेळ इकडेतिकडे चालला, मग पानाशी गेला, आणि आधी जवळा उचलला.

“शिवला,” बाबा म्हणाले.

“खरंच?” आईने वळून बघितलं नाही.

“खरंच. जवळाच आधी खाल्लान.”

आईचे खांदे हलले. हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, मी तिच्या पाठीमागे उभी होते. काकी कुंपणाला वळसा घालून आत आली आणि तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली.

मला यातलं काय खरं वाटतं, असं मी स्वतःला लाँचमध्ये बसून विचारलं आहे. चप्पल उचलली म्हणून कावळा आला, हे तर उघडच आहे. आईही तेच म्हणते. फक्त ती आणि मी ते वेगळ्या तऱ्हेने म्हणतो, आणि तिची तऱ्हा चुकीची आहे असं मला म्हणवत नाही.

त्याच दुपारी आईने खळं सारवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं अंथरून जवळा पसरला. कावळ्यांना एव्हाना कळलं होतं. ते सरळ खाली उतरले, एकाने घास घेतला, दुसऱ्याने घेतला. आईने खडा उचलला, पण मारला नाही. म्हणाली, आजचा दिवस खाऊ देत थोडा. मग तिला बाजारात जायचं होतं आणि राखणीला कुणी नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं.

मी नोट्स घेऊन नारळाच्या बुंध्याशी, त्याच्या शेजारी बसले. ऊन वाढत गेलं तसा जवळा हळूहळू गुलाबी झाला. मधूनमधून मी उठून हात उडवून कावळे हाकलत होते आणि ते फारसे घाबरत नव्हते. माझ्याने ते काम काही त्याच्यासारखं झालं नाही. पण मी तिथून हलले नाही. तहान लागली तरी गेले नाही.

आई परत आली तेव्हा दुपार कलली होती. डोक्यावरची पाटी उतरवून तिने जवळा हातात घेऊन चोळून बघितला. मग माझ्याकडे आली.

“झालं,” ती म्हणाली. “ऊठ. लाँच चुकंल.”

मी उठले, कपडे झाडले. तिने पुढे केलेला मूठभर जवळा घेतला आणि तसाच कच्चा खात खात धक्क्याच्या रस्त्याला लागले.